केबल परत येणार नाही

आमच्या घरातली केबल मी काढली. नवऱ्याने नाही, सासूबाईंनी नाही, मी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात ज्याने त्याने याच वाक्याचा दगड करून माझ्याकडे भिरकावला. मी तो झेलला, पण वाक्य मागे घेतलं नाही.

माझी मुलगी चार वर्षांची आहे. एका जागी ठरत नाही म्हणून तिला आम्ही भिंगरी म्हणतो. एका संध्याकाळी ती बाहुलीला उशीखाली दाबून ओरडत होती, "आत्ताची मोठी बातमी! मृतदेह सापडला!" आवाजही हुबेहूब, घसा ताणून. घरातले सगळे हसले. मी उशी उचलून बाहुली बाहेर काढली. मला काळजी लवकर लागते, मान्य आहे. ती जिन्यात धावली तरी लागते आणि फार वेळ गप्प बसली तरी लागते. मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. नळीवरचं नाव आणि कागदावरचं नाव एकच आहे ना, हे दिवसभर बघत राहायचं. ही बघण्याची खोड कामाच्या कोटाबरोबर तिथेच खुंटीला टांगून यावी म्हटलं तर जमत नाही.

"अगं, मग फक्त बातम्या बंद कर," नवरा म्हणाला. "अख्खी केबल कशाला?"

"कारण दारातून आत आल्या आल्या तूच बातम्या लावतोस."

तो लिफ्टदुरुस्तीचं काम करतो. दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात एकटा असतो, म्हणून घरी आल्यावर त्याला माणसांचा गलका हवा असतो, मग ती माणसं एकमेकांच्या अंगावर ओरडत का असेनात.

केबलवाला डबा न्यायला आला तेव्हा वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "महिनाभरात फोन कराल, वहिनी."

"नाही करणार."

"सगळे असंच म्हणतात."

"मी सगळे नाही."

तो हसला, डबा काखेत मारला आणि गेला. भिंतीवर डब्याच्या आकाराचा पांढरा चौकोन तेवढा राहिला.

मग इंटरनेटवरून हवं ते, हवं तेव्हा बघायचं असं नवं पर्व सुरू झालं. टीव्ही लावला की आधी विचारतो, कोण बघतंय? त्यासाठी प्रत्येकाला एकेक चित्र निवडावं लागतं. नवऱ्याने शर्यतीची गाडी घेतली, भिंगरीने ससा, मी मांजर. सासूबाईंना विचारलं तर त्यांनी भिवया चढवलेलं एक घुबड निवडलं. "हे बरं आहे," त्या म्हणाल्या. "सगळं बघतं आणि त्याचं मत कोणी विचारत नाही."

आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, टीव्ही बसून कधी पाहिलाच नव्हता. सासरे होते तेव्हा रिमोट त्यांच्या हातात असायचा, ते गेल्यावर मुलाच्या हातात गेला. आई स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीला खांदा लावून उभ्या, हातात फडकं नाहीतर डाव. त्यांची एक लाडकी मालिका होती, वर्षानुवर्षं रोज लागणारी, दोन सावत्र बहिणी आणि एका कापडगिरणीची. ती त्यांनी अर्धी उभ्याने पाहिली आणि अर्धी भांड्यांच्या आवाजातून ऐकली. कोण मेलं हे त्यांना कळायचं. का मेलं ते कळायचं नाही, कारण नेमकं तेवढ्यात कोणीतरी पाणी मागायचं.

ती अख्खी मालिका मी त्यांना पहिल्या भागापासून लावून दिली आणि रिमोट हातात ठेवला.

"हे दाबलं की थांबतं."

"कोण थांबतं?"

"सगळं."

त्यांनी दाबलं. थोरल्या बहिणीने धाकटीवर उगारलेला हात हवेतच राहिला. आई उठल्या, आत गेल्या, पाणी प्यायल्या, दोरीवरचे टॉवेल काढून घड्या घातल्या आणि परत आल्या. थप्पड अजून हवेतच होती.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "या घरात माझ्या सांगण्यावरून पहिल्यांदाच कोणीतरी थांबलं."

त्यानंतर आईंचं बघण्यासारखं झालं. दुपारी भिंगरीला बालवाडीतून आणायचं, तिला खाऊ घालायचं, मग तिला मांडीवर घेऊन मालिकेचा एक भाग. एकच, हा माझा नियम. मी दोघींकडून तो कबूल करून घेतला होता आणि रोज संध्याकाळी, सहज विचारतेय असं दाखवत, दोघींना वेगवेगळं विचारून खात्री करत होते. दोघींची उत्तरं जुळायची. फोन आला तर आई नायकाला तोंड उघडं ठेवायला लावून निवांत बोलायच्या. एकदा तर त्यांनी दरोडेखोरांना दारात उभं करून अंघोळ उरकली.

असे काही आठवडे बरे गेले. मग एका दुपारी प्रयोगशाळेत बेकरीवाल्या मावशींचा फोन आला. त्यांची बेकरी आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर आहे, आम्ही तिसऱ्यावर राहतो. इमारतीला लिफ्ट नाही. लिफ्टवाल्याच्याच घराला लिफ्ट नाही, यावर हसून हसून शेजारी आता थकलेत.

"आधी ऐक, दोघी ठीक आहेत," मावशी म्हणाल्या.

या शब्दांनी कोणाच्या जिवात जीव येत असेल तर मला माहीत नाही. मी हातातली नळी आधी खाली ठेवली.

झालं होतं असं. बालवाडीतून परतताना, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये, आईंना गरगरलं. त्या पायरीवर बसल्या, भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. भिंगरीने त्यांना हलवलं, हाका मारल्या. मग ती एकटीच जिना उतरली, दारातल्या स्कूटर ओलांडून रस्त्यावर आली, तिथून बेकरीत शिरली आणि मावशींना म्हणाली, "आजी पॉज झालीये. मला चालू करता येत नाहीये."

हे सांगताना मावशी हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. मी दोन्हीतलं काहीच केलं नाही. मला फक्त तो रस्ता दिसत होता. पाव उतरवायला आलेले टेम्पो जिथे न बघता मागे येतात, तो.

डॉक्टरांनी आईंच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला आणि पुन्हा बांधला.

"रक्तदाबाची गोळी चुकवलीत का, आजी?"

"मुळीच नाही. रोज घेते."

आई खोटं बोलत नाहीत. पाहुण्यांसमोरसुद्धा बोलत नाहीत, त्यामुळे आमची पुष्कळदा पंचाईत होते. पण घरी येऊन मी स्वयंपाकघरातला खण उघडला तर नवऱ्याने आणलेली गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी पडलेली. चकचकीत. एकही गोळी काढलेली नाही. ती लपवून ठेवणं मला जास्त वाईट वाटलं, म्हणून मी ती आईंच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी त्या फुगवट्यांवरून एकेक करून बोट फिरवलं.

"पण मी घेतली गं. रोज घेतली."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्याबद्दल त्यांच्यापेक्षा मलाच जास्त ठाऊक असेल, अशा आशेने पाहिलं. आमच्या इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माझी नणंद आली. ताई एका शाळेत पर्यवेक्षिका आहेत आणि घरातही वर्गाच्या दारात उभ्या असल्यासारख्या बोलतात. येताना त्यांनी मोठी बॅग आणली होती. मी ती उचलून आत ठेवायला गेले तर हाताला वजनच लागलं नाही. बॅग रिकामी होती. आईंचे कपडे भरायला आणलेली.

"हे बघा," ताई म्हणाल्या, "आईला विसरायला होतंय. वय झालं, यात लाजण्यासारखं काही नाही. ती माझ्याकडे राहील, आमच्याकडे जिन्याची भानगड नाही. आणि छोट्या, तू बायकोची नोकरी काही दिवस थांबव."

छोट्या म्हणजे माझा नवरा. दाराच्या चौकटीत मावत नाही इतका उंच. ताईंनी 'थांबव' असं म्हटलं, जणू माझी नोकरी म्हणजे गळका नळ.

"तिची नोकरी तिची आहे, ताई," नवरा म्हणाला, पण जमिनीकडे बघून. मग माझ्याकडे वळला. "पण काही दिवसच... म्हणजे बघ ना. पोरगी रस्त्यावर गेली होती."

"जाते मी हिच्याकडे," आई हळूच म्हणाल्या. त्यांनी उशीच्या अभ्र्याचा एक दोरा बोटाला गुंडाळला होता, बोटाचं टोक लाल होईपर्यंत. "पोरीला काही झालं असतं तर मी कोणाला तोंड दाखवलं असतं?"

"आणि ते आधी बंद करा," ताईंनी टीव्हीकडे हनुवटी केली. "केव्हाही लावा, केव्हाही थांबवा. माणसाला काळवेळ राहील कशी? केबल होती तोवर आईची एक गोळी चुकली नव्हती. एक!"

ताई रागाच्या भरात बोलून गेल्या आणि माझं डोकं तिथेच अडकलं. केबल होती तोवर एकही चुकली नाही. केबल गेल्यापासून एकही घेतली नाही. विसरणारं माणूस असं विसरत नाही. ते एकदा विसरतं, एकदा लक्षात ठेवतं, एकदा दोनदा घेतं. प्रयोगशाळेत एकाच प्रकारची चूक ओळीने व्हायला लागली की आम्ही माणसाला बोल लावत नाही. कामाच्या रीतीतलं कुठलं चाक निखळलंय ते शोधतो.

"आई," मी विचारलं, "केबल असताना तुम्ही गोळी कधी घ्यायचात?"

"घ्यायचे की वेळेवर."

"म्हणजे कधी? काय झाल्यावर?"

त्यांनी आठवून पाहिलं. "जेवल्यावर... नाही, त्याआधी," त्या म्हणाल्या. ताईंनी नवऱ्याकडे एक नजर टाकली. बघ, मी म्हणत नव्हते का, अशी.

तेवढ्यात भिंगरी ससा-घुबडाच्या पडद्यापाशी जाऊन उभी राहिली. "आजी, आपला भाग राहिला."

"आज नको गं बाळा."

"लावा," मी म्हणाले.

"शाब्बास," ताई म्हणाल्या. "घरात आग लागली तर हिला करमणूक सुचते."

मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. भिंगरी आजीच्या मांडीवर चढली, घुबड निवडलं, मालिका लावली. पडद्याच्या कोपऱ्यात एक बटण आलं, 'सुरुवात वगळा', आणि तिचा अंगठा त्यावर इतक्या सफाईने पडला की मला ते दिसलं हेच नवल. क्षणात दोघी बहिणी गिरणीच्या अंगणात भांडत होत्या.

"काय पळवलंस तू?"

"गाणं. ते रोज तेच असतं."

"रोज पळवतेस?"

"मग! आजीला गोष्टच आवडते."

मी तिच्या हातातून रिमोट घेतला, भाग मागे नेला आणि गाणं वाजू दिलं. भिंगरीने गाल फुगवले. आधी बासरी, मग दोन बायकांचे आवाज. ते आवाज सुरू होताच आईंनी भिंगरीला अलगद मांडीवरून खाली उतरवलं, उठल्या आणि आत गेल्या. खण सरकल्याचा आवाज आला. पाकीट कुरकुरलं. नळ वाजला. गाणं संपायच्या आत तोंड पुसत त्या परत आल्या, बसल्या आणि भिंगरीला पुन्हा मांडीवर घेतलं.

ताईंनी एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि एकदा आईंकडे.

"आई," मी म्हटलं, "कुठे गेला होतात?"

"कुठे जाणार? इथेच तर बसलेय." मग त्यांनी तोंडातल्या तोंडात जीभ फिरवली आणि त्यांचा चेहरा बदलला. "अगं... कडू लागतंय."

नवरा धावत आत गेला आणि पाकीट घेऊन आला. एक गोळी कमी होती. तो हसायला लागला, लहान मुलासारखा, आणि पाकीट सगळ्यांच्या नाकासमोर नाचवू लागला. मी मात्र आईंकडे बघत होते. त्या हसत नव्हत्या. त्यांना सगळं लक्षात येत होतं. इतकी वर्षं ते गाणं लागायचं तेव्हा त्या दारात उभ्या असायच्या, गोळ्यांचा खण कोपराशी. ते गाणं चालू असताना कोणी काही मागत नसे, कारण सगळेच गोष्ट सुरू व्हायची वाट बघत असत. दिवसभरातला त्यांचा म्हणून वेळ काय तो तेवढाच, आणि त्या वेळात त्या गोळी गिळून घ्यायच्या. विचार न करता, हात आपोआप जायचा.

ताई काही वेंधळ्या नाहीत. त्यांनी सगळ्यांच्या आधी स्वतःला सावरलं. "मग झालंच की! मी तरी वेगळं काय सांगत होते? केबल परत आणा. रोज ठरलेल्या वेळी गाणं लागेल आणि गोळी पोटात जाईल. विषय संपला."

"ताईचं बरोबर आहे," नवरा म्हणाला. त्याचा जीव अगदी भांड्यात पडला होता. "मी आत्ताच त्या केबलवाल्याला फोन लावतो."

"लावायचा नाही," मी म्हणाले.

"अगं, पण का? आता तर कारण कळलं ना!"

"कळलं म्हणूनच."

"तुझा हट्ट आईच्या जिवापेक्षा मोठा आहे का?" ताईंनी विचारलं. मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी आई बोलल्या.

"छोट्या, फोन खाली ठेव."

त्याने ठेवला. आईंचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्यानेही बहुतेक शाळेत असतानाच ऐकला असावा.

"घंटा वाजली की उठायचं, हे माझं अंगवळणी पडलं होतं, ते मला आज समजलं," आई म्हणाल्या. "समजलं नव्हतं तोवर ठीक. आता समजल्यावर तुम्ही तीच घंटा पुन्हा माझ्या गळ्यात बांधणार?"

"आई, तुझ्या भल्यासाठीच बोलतेय मी."

"माझं भलं मी उभ्या उभ्या पुष्कळ बघितलं. आता बसून बघणार आहे. डॉक्टरांना विचारीन आणि गोळी सकाळी घेईन, दात घासले की. डोकं जागेवर ठेवून घेईन."

"आणि विसरलीस तर?"

"तर विसरेन. माणूस आहे. शिवाय सुनेचे डोळे आहेत घरात. ते काय कमी आहेत? मी शिंकले तरी ती दोनदा येऊन बघते." नवरा खुदकन हसला, मी त्याच्याकडे रोखून बघितलं. आई थांबल्या नाहीत. "आणि बॅग रिकामी न्यायचं जिवावर येत असेल तर त्या केबलच्या जुन्या वायरी आहेत माळ्यावर. त्या घेऊन जा."

ताईंचा चेहरा उतरला. पण त्या हरल्या नव्हत्या. त्या माझ्याकडे वळल्या, आणि या वेळी आवाज पर्यवेक्षिकेचा नव्हता, साधा होता. म्हणूनच मला त्याची भीती वाटली.

"गोळीचं राहू दे. तू त्या पोरीची आई आहेस. ती एकटी रस्त्यावर गेली होती. खरं सांग, पुन्हा सोडशील तिला हिच्या भरवशावर?"

मालिका केव्हाच पुढे गेली होती. कोणीतरी गिरणीला कुलूप लावत होतं. आईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या भिंगरीच्या केसांतली गाठ सोडवत बसल्या, जणू प्रश्न दुसऱ्याच घरातला होता. त्यांनी गयावया केली असती तर मला 'नाही' म्हणणं सोपं गेलं असतं. 'नाही' माझ्या जिभेवर तयारच होतं. मला तो टेम्पो दिसत होता, त्याचे मागचे दिवे दिसत होते. पण मला हेही दिसत होतं की मी आता 'नाही' म्हणाले तर आई ती बॅग स्वतःच भरतील, आणि मग कुठल्याही गोळीने त्यांचं काही बरं होणार नाही. माझंही होणार नाही. मी घरी बसून तिन्हीत्रिकाळ भिंगरीचा हात धरून राहीन आणि त्याला काळजी म्हणत राहीन.

"सोडीन," मी म्हणाले. आवाज हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. "डॉक्टर हो म्हणाले की त्याच दिवशी. आणि त्याच दिवशी कामावर जाईन."

"आणि काही झालं म्हणजे?"

"मग तुम्ही मला बोला, ताई. आईंना नाही. आजच्यासारखं त्यांच्यासमोर, त्या नसल्यासारखं तर मुळीच नाही."

ताईंनी बॅगेची चेन ओढून बंद केली. आत काहीच नव्हतं तरी ती दोनदा अडकली. निघताना त्यांनी आईंना जवळ घेतलं, बराच वेळ, आणि मला म्हणाल्या, "तू फार आडमुठी आहेस."

"हो," मी म्हणाले.

डॉक्टर पुढच्या आठवड्यात 'हो' म्हणाले. मी मात्र आदल्या संध्याकाळी पाव आणायच्या निमित्ताने बेकरीत गेले आणि मावशींना हळूच सांगून आले, उद्या दुपारी जरा दाराशी बसा, लक्ष असू द्या, पण आईंना कळू देऊ नका.

सकाळी चपला घालत होते तर आई दारात आल्या.

"बेकरीवालीला पहाऱ्यावर बसवलंयस ना?"

"कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? सकाळी दूध आणायला गेले तर ती माझ्याकडे बघायचंच टाळत होती."

माझे कान तापले. "आई, मी फक्त..."

"बसू दे तिला. पण चोरून नको. मी जाताना तिला हात करीन, येताना हात करीन, भिंगरीलाही करायला लावीन. चारचौघांत. जिन्यात दम लागला तर तिच्याकडेच बसेन आणि पाव खाईन. जा आता, बस चुकेल तुझी."

भिंगरी त्यांच्या मागून डोकावली, एका पायात मोजा, दुसरा पाय उघडा. मला तो मोजा घालावासा वाटला. हात पुढे गेलाही. आईंनी तिला आत ओढलं आणि दार लावून घेतलं.

प्रयोगशाळेत कोट चढवत होते तोच ताईंचा फोन आला.

"पोहोचलीस? आईकडे बघायला कोण आहे?"

"भिंगरी आहे."

"आणि भिंगरीकडे?"

"आई."

"थट्टा सुचतेय तुला?"

"नाही, ताई. घाबरलेय मी. पण घरी येत नाहीये."

पलीकडे शाळेच्या मैदानाचा गोंगाट होता; ताईंनी कोणालातरी रांगेत उभं राहायला सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "दुपारी कळव मला."

"तुम्हीच आईंना फोन करा," मी म्हणाले, आणि फोन खणात टाकून खणाला कुलूप लावलं.